चावडीवर मिटणारी प्रकरणे
(शिरवळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शिरवळजवळच्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे स्मरण मुलींच्या शाळेच्या निमित्ताने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची चर्चा त्या मानाने कमी होते. विधवेला झालेले मूल जन्मताच मारले जाई, कारण घराची अब्रू त्या जिवापेक्षा मोठी मानली जाई. त्या दांपत्याने अब्रूचा हिशेब बाजूला सारून दार उघडले. आज प्रश्नाचे रूप बदलले आहे, पण हिशेब तोच आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले. त्यांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणारा बहुधा परका नसतो. तो नात्यातला, शेजारचा किंवा विश्वासातला असतो. म्हणूनच प्रकरण उघडकीस आले की गावाला पहिली आठवण होते ती कार्यकर्त्याची. त्याने मध्यस्थी करावी, दोन्ही घरांना बसवावे, चार पैसे ठरवावेत आणि विषय संपवावा! बांधाच्या भांडणात ही हातोटी उपयोगी पडते. येथे मात्र ती गुन्हेगाराच्या कामी येते.

खुणा ओळखायच्या कशा? खेळताना पडलेल्या मुलाचे गुडघे नि नडगी सोलवटते. पाठीवर, मांड्यांवर, कानामागे वळ उमटत नाहीत. काही वळ ताजे, काही पिवळे पडलेले, विडीच्या टोकाएवढे गोल भाजलेले डाग, आणि दर वेळी निराळी हकिकत, असे दिसले की थांबून पाहावे. बोलके मूल एकाएकी मुके होणे, मोठेपणी पुन्हा अंथरूण ओले करणे, एका विशिष्ट माणसाचे नाव निघताच आक्रसणे, बसताना वा लघवीला त्रास होणे, वयाला न शोभणारे ज्ञान बोलण्यात येणे, याही खुणाच होत. यांपैकी एकही खूण पुरावा नव्हे. आणि एकही खूण न दाखवणारी पीडित मुले पुष्कळ असतात.

उपेक्षेच्या बाबतीत समाजवाद्याने विशेष जपून बोलावे. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी आई भाड्याच्या खोलीला बाहेरून कडी लावून मुलाला आत ठेवत असेल, तर तिला निर्दय ठरवणे सोपे आहे. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती झाली. ते पाळणाघर कोठे आहे, हा प्रश्न आईच्या आधी मालकाला विचारला पाहिजे. बीडकडून साताऱ्या-सांगलीच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबाची गोष्टही हीच. दारिद्र्य म्हणजे उपेक्षा नव्हे. परंतु घरात दाणे असताना एका लेकराला उपाशी ठेवणे, आजारात औषध नाकारणे, ही उपेक्षाच होय, आणि तिला गरिबीचे पांघरूण घालता येत नाही.

मूल बोलू लागले तर ऐकावे. उलटतपासणी करू नये, तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन तर मुळीच देऊ नये. दोष त्याचा नाही, एवढे मात्र त्याला स्पष्ट सांगावे. संशयिताला जाब विचारायला धावणे म्हणजे त्याला सावध करणे.

बालकांच्या लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्याने, म्हणजे पोक्सोने, माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. गुन्हा सिद्ध करण्याचे काम कळवणाऱ्याचे नाही. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींचे प्रकरण पुढे आले, तेव्हा न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदला गेला. तक्रार नोंदवायला झालेल्या विलंबाचा संताप रेल्वे रुळांवर उतरला आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. हा संताप न्याय्य होता. पण असा संताप शहरात, एकदाच आणि उशिरा उसळतो.

मारहाण व उपेक्षेसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून ही सेवा उभी राहिली; आता ती सरकारकडे आहे. पुढे जिल्ह्याची बालकल्याण समिती मुलाच्या आसऱ्याचा निर्णय करते. पोक्सोखालील जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो; मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. बरोबर गेलेल्या कार्यकर्त्याने या गोष्टींचा आग्रह धरावा. मुलाचे नाव, गाव, शाळा यांतले काहीही बाहेर येता कामा नये. निषेधाच्या पत्रकातही नाही, सभेच्या फलकावरही नाही.