नोंदवहीतली दुरुस्ती



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. त्यात एका सिनेमाबद्दल सांगते आणि एक जुनी बाकी चुकती करते.

'साल्वातोरे जुलियानो' हा फ्रांचेस्को रोझींचा १९६२ सालचा इटालियन चित्रपट. सुरुवातीलाच अंगणात पालथं पडलेलं प्रेत दिसतं आणि एक अधिकारी पंचनामा सांगत असतो. सिसिलीचा हा दरोडेखोर ५ जुलै १९५० रोजी चकमकीत मेला, असं पोलिसांनी जाहीर केलं. पुढे त्याचाच साथीदार पिशोत्ता म्हणाला, 'त्याला मी मारलं.' चित्रपटभर जुलियानोचा चेहरा धड दिसत नाही. दिसतात ती त्याच्याबद्दल बोलणारी माणसं.

तो पाहताना मला सातपुड्यापलीकडच्या निमाडातला तंट्या भिल्ल आठवला. १८७८ मध्ये तो खंडव्याच्या तुरुंगातून निसटला. १८८९ मध्ये मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने, गणपतने, त्याला दगा दिला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला जबलपूरला त्याला फाशी झाली. जुलियानोच्या टोळीने १९४७ मध्ये गरीब शेतकऱ्यांवरच गोळ्या झाडल्या होत्या, म्हणून दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. पण दोघांची सरकारी नोंद पकडणाऱ्यांनीच लिहिली. दप्तरात तंट्या दरोडेखोर राहिला, पाड्यांवर मात्र तो तंट्यामामा झाला.

नोंद लिहिणाऱ्यांत एकदा मीही होते.

सातवीत मी मॉनिटर होते. माझी कंपासपेटी हरवली आणि सगळ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. सातपुड्याच्या पाड्यावरून येणारा आपला तो मित्र तिथे बसायचा. कुणी काही पाहिलं नव्हतं. तरी वर्गाच्या वहीत त्याचं नाव मी लिहिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात. दोन दिवसांनी पेटी आमच्या घरीच, धान्याच्या कोठीमागे सापडली. मी घाबरले आणि गप्प बसले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. कारण मी कधी विचारलं नाही.

आमच्या कामात चुकीची नोंद गुपचूप पुसत नाहीत. खाली दुरुस्ती लिहून तारीख आणि स्वतःचं नाव घालतात. ती वही आता कुठे असेल कोण जाणे, म्हणून संपादकांना विनंती आहे, हे स्मरणिकेत जसंच्या तसं छापा: कंपासपेटी त्याने घेतली नव्हती. खोटी नोंद माझी होती.

आज तो इथे नाही. कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल, तर जेवणाच्या पंगतीत मला सांगा. पुढच्या वेळी हे त्याच्यासमोर बोलायचं आहे.