उरलेल्या पैशाचा धनी कोण?



आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका दाव्याची हकिकत सांगणार आहोत. कोणी म्हणेल, इथे पऱ्हाटीवर बोंडअळी, ज्वारीला भाव नाही, आणि यांना अमेरिका सुचते! जरा दम धरा. दावा शेतकऱ्यांचाच आहे आणि कर्जाचाच आहे.

उत्तर डाकोटा राज्यात स्टँडिंग रॉक नावाचा तिथल्या आदिवासींचा राखीव मुलूख आहे. तिथले जॉर्ज आणि मेरिलिन कीप्सईगल हे नवरा-बायको गुरे पाळीत. त्यांनी आणि आणखी काही जणांनी १९९९ साली अमेरिकेच्या कृषिखात्यावर दावा लावला. तक्रार अशी की, सरकारी कर्ज गोऱ्या शेतकऱ्याला मिळते, आम्हाला नाकारतात. दिलेच तर उशिरा देतात. पेरणी उलटल्यावर हातात पडलेले कर्ज काय कामाचे, हे तुम्हाला सांगायला नको.

हा दावा चार माणसांचा नव्हता. तिकडे एक रीत आहे. हजारो लोकांची तक्रार एकसारखी असेल, तर सगळ्यांच्या वतीने पाचदहा जण कोर्टात उभे राहतात. जी तडजोड होईल ती सगळ्यांना लागू. जो म्हातारा कधी कोर्टाची पायरी चढला नाही, त्याचाही हक्क तिच्यात बांधला जातो. वकील आधी पैसे मागत नाही. हरला तर त्याचे कष्ट पाण्यात, जिंकला तर मिळालेल्या रकमेत टक्केवारी. एकट्या गरिबाला वकील परवडत नाही, तिथे ही रीत चांगलीच म्हणायची.

११ वर्षांनी, २०१० साली, तडजोड झाली. ६८ कोटी डॉलर भरपाई आणि ८ कोटी डॉलरची कर्जमाफी. ज्याचा अर्ज मंजूर होईल अशा बहुतेकांना ५० हजार डॉलर, शिवाय त्यावरच्या करापोटी १२,५०० डॉलर. पुढच्या वर्षी कोर्टाने शिक्का मारला. मग अर्ज मागवले. १९८१ ते १९९९ या काळात आपण कर्ज मागायला गेलो होतो, हे ज्याचे त्याने दाखवायचे होते. आपल्या पंचक्रोशीत तीस वर्षांमागच्या कर्जाच्या अर्जाची नक्कल किती घरांत निघेल? अर्ज अंदाजापेक्षा फार कमी आले. मंजूर झाले सुमारे ३,६००. सगळ्यांना वाटून झाले आणि ३८ कोटी डॉलर उरले. म्हणजे भरपाईची निम्म्याहून जास्त रक्कम जागेवरच.

वकिलांची फी मात्र पुरी निघाली. ७६ कोटींवर ८ टक्के, म्हणजे ६ कोटी ८ लाख डॉलर. आम्ही वकिलांना शिव्या घालायला इथे उभे नाही. ११ वर्षे ते लढले, आणि तिकडे २५-३३ टक्केही घेतात, त्या मानाने ८ टक्के थोडेच. खोट मापात आहे. अडत्याने अडत कशावर कापायची? लिलावातल्या बोलीवर की शेतकऱ्याच्या हातात पडलेल्या पट्टीवर? बोलीवरच कापायची ठरली, तर पट्टी कधी मिळते, किती मिळते, याची अडत्याला काय फिकीर? चांगला माणूस असेल तर करील. पण सगळा बाजार माणसाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. वाटप होईल त्या प्रमाणात फी, असा करार असता तर अर्ज भरून घ्यायला वकिलाची माणसे आणखी दहा गावे फिरली असती, असे आम्हाला वाटते.

आता उरलेल्या पैशाचे बघा. करारात लिहिले होते की ते सरकारकडे परत जायचे नाहीत. या शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना द्यायचे. संस्था निवडायच्या वकिलांनी. या तत्त्वाला कायद्यात 'सी प्रे' म्हणतात. मूळ हेतू साधत नसेल तर त्याच्या जवळात जवळच्या कामाला पैसा लावायचा. आपल्याकडच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातही ५५ वे कलम याच तत्त्वाचे आहे. पण ते धर्मादाय पैशासाठी. हा पैसा धर्मादाय होता का? खुद्द मेरिलिनबाई आपल्याच वकिलांच्या विरोधात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पैसा माणसांचा आहे, माणसांना द्या.

२०१६ साली मधला मार्ग निघाला. प्रत्येक मंजूर अर्जदाराला आणखी १८,५०० डॉलर, ३ कोटी ८० लाख लगेच संस्थांना, आणि २६ कोटींहून अधिक रकमेचा एक विश्वस्त निधी, २० वर्षांत खर्च करायचा. त्यावरही अपील झाले, ते २०१७ मध्ये दोन विरुद्ध एक मताने फेटाळले गेले. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला, तेव्हा निधी सुरू झाला.

यावर आमच्यातही वाद झाला. ज्यांना मिळाले त्यांनाच पुन्हा दिले, तर ज्याच्याकडे कागद नव्हता तो दोनदा उपाशी. निधी असेल तर निदान त्याच्या पोराला काही मिळेल. आमचा कल इकडे आहे, पण संस्था वकिलाने निवडू नयेत. गूगल कंपनीवरच्या एका दाव्यात ८५ लाख डॉलरची तडजोड झाली, दावेदार सुमारे १३ कोटी. दावेदाराला छदाम नाही, वकिलांना २० लाखांहून अधिक, बाकी बहुतेक रक्कम सहा संस्थांना. त्यांतल्या काही वकिलांच्याच विद्यापीठांतल्या निघाल्या, असा आक्षेप आला. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली प्रकरण दुसऱ्याच मुद्द्यावर खाली पाठवले.

आपल्या देशात भोपाळला उलटे झाले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्याजाने आणि डॉलर चढल्याने वाटपानंतरही १,५०० कोटी रुपयांवर रक्कम उरली. २००४ साली सुप्रीम कोर्टाने ती गॅसपीडितांनाच, ज्याला जेवढे मिळाले होते त्या प्रमाणात, वाटायला लावली. संस्था नाही, निधी नाही.

आणि आता आमच्या घरचे. आपल्याकडे वकिलाला निकालाच्या रकमेत हिस्सा घेता येत नाही, तशी बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणून आपण वर्गणी काढतो. मागे भरपाईच्या दाव्यासाठी आम्हीही काढली. दावा लवकर मिटला, पैसे उरले. उरले तर काय करायचे, हे आम्ही पावतीवर छापले नव्हते. चूक आमची. ती रक्कम खात्यावर तशीच आहे. नावांची वही आज मंडपात टेबलावर ठेवली आहे. ज्याने दिले त्याने आपले नाव शोधावे, आणि परत हवेत की पुढच्या दाव्याला ठेवायचे, ते लिहून सही करावी. जे वारले त्यांच्या वारसांना गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कळवावे.