शहर पेटले तेव्हा
(गेट मीटिंगमधील भाषण)

साथींनो,

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा तेच. आम्ही तेव्हा यार्डात नवे होतो. त्या दिवशीही नेहमीसारखा डबा घेऊन निघालो, मस्टरवर सही केली, कामाला लागलो. दुपारी रुळांपलीकडच्या वस्तीतून धूर दिसू लागला. आमच्यातला एक मुसलमान खलाशी ड्यूटी संपवून निघाला आणि गेटवरूनच परत आला.

त्याला आम्ही यार्डातच ठेवून घेतले. खरे सांगतो, त्या रात्री आमच्यातलेच दोघे म्हणाले, "कशाला अंगावर घेता?" भीती आम्हालाही होती. शेवटी म्हाताऱ्या मुकादमांनी एवढेच विचारले, "परवा घसरलेली वॅगन उचलताना जॅक कोणाच्या हातात होता?" पुढे कोणी बोलले नाही. चार दिवस डबे वाटून खाल्ले. पाचव्या दिवशी आम्ही सहा जण त्याला घरी सोडून आलो.

त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी इतर व अनोळखी.

म्हणून शाखेने आजच ठरवावे. शहर बिघडले की प्रत्येकाची हजेरी घ्यायची, एकट्याला बाहेर सोडायचे नाही, घरी निरोप पोहोचवायचा. टपालातील साथींनीही हे करावे; पोस्टमन तर गल्लीत एकटाच असतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!