केळीच्या सोपटांचा कागद

घड उतरला की केळीचं खोड आपण बांधावर फेकतो. त्याच्या सोपटांचा हातकागद होतो. पण ओलं खोड गाडीत घालून कुठं नेऊ नका. १०० किलोत सुमारे ९० किलो पाणीच, भाडं अंगावर येईल. शेतातच सोपटं सोलून, चिरून वाळवावीत. जुने कपडे घाला, चिकाचा डाग निघत नाही. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धागा सहज सुटेपर्यंत शिजवावीत. भांडं ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो. स्वच्छ धुऊन कुटा. खरी मेहनत इथंच! कसर राहिली तर कागद गाठाळ होतो. लगदा भरपूर पाण्यात ढवळून जाळीच्या चौकटीवर उचला, कापडावर उलटा, दाबून वाळवा. आधी दोन-चार ताव घरीच काढून पाहा. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय यंत्रात पैसा घालू नका.