ज्या निवडणुकीत आपलं मत नसतं

(कुही येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत जून 2025 मध्ये केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मी नोकऱ्यांवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. आज मी तृतीयपंथी नागरिकांच्या हक्कांवर बोलणार आहे, आणि त्या हक्कांचं निवडणुकीशी काय नातं आहे त्यावर. हा विषय आपला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी थोडा वेळ द्यावा.

आधी आपल्या घरची गोष्ट. आपलं कुही रामटेक लोकसभा मतदारसंघात येतं. 2024 मध्ये ऐन अर्ज भरायच्या दिवसांत काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द झालं आणि अर्जही बाद झाला. त्यांच्या जागी त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि निवडून आले. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रश्मी बर्वे यांच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर निवडणूक आटोपली होती. कागद खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवा. एका कागदावर माणसाचं काय काय टांगलेलं असतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तृतीयपंथी माणूस रोज तसाच टांगलेला असतो. बँकेत, दवाखान्यात, भाड्याची खोली घेताना.

आता हक्क कसे आले ते पाहू. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याचा निकाल दिला. आपलं लिंग कोणतं हे ठरवायचा अधिकार त्या व्यक्तीचाच, शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, शिक्षण आणि नोकरीत आरक्षण द्यावं, असं न्यायालय म्हणालं. या खटल्यात मुंबईच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि गौरी सावंत यांचाही सहभाग होता.

निकालाने किती फरक पडतो, त्याची दोन उदाहरणं देतो. शेजारच्या मध्य प्रदेशात कटनीच्या जनतेने कमला जान यांना महापौर केलं होतं. पद महिलांसाठी राखीव होतं. न्यायालयाने त्या स्त्री नाहीत असं ठरवलं, 2003 मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केलं आणि पद गेलं. दुसरं उदाहरण 2021 चं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज बाद झाला. औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. देश तोच, प्रश्न तोच, उत्तर मात्र उलटं. मधे नालसा निकाल होता.

पण न्यायालयाचा निकाल अमलात आणायला संसदेचा कायदा लागतो, आणि संसद निवडणुकीतून येते. नालसाचा निकाल आला तेव्हा लोकसभेचं मतदान सुरूच होतं. महिन्याभराने नवं सरकार आलं. 2015 मध्ये द्रमुकचे तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक राज्यसभेने मंजूर केलं, पण लोकसभेत ते पार पडलं नाही. सरकारने 2016 मध्ये स्वतःचं विधेयक आणलं. डिसेंबर 2018 मध्ये लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत अडलं आणि 2019 च्या निवडणुकीने लोकसभाच विसर्जित झाल्यामुळे ते रद्दबातल झालं. नव्या लोकसभेत ते पुन्हा आलं आणि 5 ऑगस्ट 2019 रोजी मंजूर झालं. ही तारीख तुम्हाला पाठ असेल. त्याच दिवशी राज्यसभेत काश्मीरचा निर्णय झाला. सगळ्या देशाची नजर तिकडे होती.

जो कायदा आला त्यात काय आहे? तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायचं. लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. आरक्षणाचा त्यात उल्लेख नाही. न्यायालयाने जे दिलं होतं, त्यातलं बरंच या कायद्यात उतरलंच नाही.

अशा वेळी माणूस म्हणतो, इथून निघून जाऊ. माझ्या ओळखीत विदर्भातलीच एक ट्रान्स मुलगी आहे. शिकलेली, संगणकावर माझ्याइतकीच सहज काम करणारी. तिने मला विचारलं, "भाईजान, तुमच्या कंपनीतले लोक अमेरिकेत जातात. मला तिथं आसरा मिळेल का?" मी तिला खोटी आशा दाखवली नाही. जे वाचलं ते सांगितलं, आणि तेच तुम्हालाही सांगतो.

1951 चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार आहे. धर्म, वंश, राजकीय मत किंवा एखाद्या सामाजिक गटात असल्यामुळे छळाची भीती असेल, तर दुसऱ्या देशात आश्रय मागता येतो. अनेक देश तृतीयपंथीयांना असा गट मानतात. पण हा करार आपल्या देशाबाहेर पडलेल्या माणसासाठी आहे. कुहीत बसून निर्वासित होता येत नाही. आधी त्या देशात पोचावं लागतं, त्यासाठी व्हिसा लागतो, आणि पर्यटक व्हिसा मिळवायला आपण परत येणार हे पटवून द्यावं लागतं. अमेरिकेत पोचल्यावर साधारण वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, भीतीचे पुरावे द्यावे लागतात. घरून हाकललेल्या मुलीने पुरावा कुठून आणायचा?

आणि हे सगळं तिथल्या निवडणुकीवर अवलंबून आहे. अमेरिकेत अशा अर्जांचा निवाडा करणारे इमिग्रेशन न्यायाधीश स्वतंत्र न्यायसंस्थेचे नसतात. ते न्याय खात्याचे कर्मचारी असतात. त्या खात्याचा प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, राष्ट्राध्यक्ष नेमतो, आणि तो आश्रयाचे निकष बदलू शकतो. 2018 मध्ये ट्रम्प यांच्या ॲटर्नी जनरलने घरगुती हिंसेच्या बळींसाठी दार जवळपास बंद केलं. 2021 मध्ये बायडन यांच्या ॲटर्नी जनरलने तो निर्णय मागे घेतला. 20 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प पुन्हा आले. त्याच दिवशी दोन आदेश निघाले. एकाने सरकारी कागदांवर फक्त स्त्री आणि पुरुष ही दोनच लिंगं ठेवली, दुसऱ्याने बाहेरून निर्वासित आणण्याचा कार्यक्रम थांबवला. फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्करी विमानातून भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. आज तिथले ट्रान्स नागरिकच कॅनडात आसरा मिळेल का म्हणून चौकशी करत आहेत.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा डेटाबेसमधला एक रकाना आहे. त्यात दोन पर्याय ठेवायचे की तीन, हे प्रोग्रामर ठरवत नाही. ते सत्तेत बसलेला माणूस ठरवतो. तिथल्या सत्तेसाठी आपल्या त्या मुलीला मत नाही. तिचं मत फक्त इथं आहे.

खरंच आहे का? 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात 4 लाख 87 हजार लोक होते. 2024 च्या लोकसभेला तृतीयपंथी मतदार होते सुमारे 48 हजार. महाराष्ट्रात जनगणनेत जवळपास 41 हजार, मतदार यादीत सहा हजारांहून कमी. मुलं वजा करा, काहींनी यादीत स्त्री किंवा पुरुष लिहिलं असेल तेही वजा करा, तरी दरी भरत नाही. मतं इतकी कमी असली की जाहीरनाम्यात एक ओळ मिळते. 2024 मध्ये भाजपने गरिमा गृह आणि आयुष्मान कार्डाची ओळ दिली, माकपने कायदा नालसाप्रमाणे सुधारण्याची. सभेत त्यावर कोण बोललं, तुम्हीच आठवून पाहा.

आता आपल्याबद्दल. काही जण म्हणतील, हे आपल्या धर्मात बसत नाही. हनफी फिक्हच्या हिदाया या ग्रंथात खुन्सा, म्हणजे जन्मतः लिंग स्पष्ट नसलेल्या माणसावर, स्वतंत्र प्रकरण आहे. आजचा ट्रान्सजेंडर हा शब्द त्याहून व्यापक आहे, हे मला ठाऊक आहे. इराणमध्ये खोमेनींच्या फतव्याने शस्त्रक्रियेला परवानगी मिळाली. पाकिस्तानच्या संसदेने 2018 मध्ये कायदा केला, 2023 मध्ये तिथल्या शरियत न्यायालयाने त्यातली महत्त्वाची कलमं रद्द केली. म्हणजे धर्माच्या नावाने दोन्ही बाजूंनी बोललं जातं. आपण नागरिक आहोत, आपला आधार राज्यघटना आहे. तिच्यातली समता एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, असं आपण म्हणू शकत नाही.

कागदाची भीती आपल्याला वेगळी सांगायला नको. 31 ऑगस्ट 2019 रोजी आसामच्या एनआरसीतून 19 लाख लोक वगळले गेले. त्यात सुमारे दोन हजार तृतीयपंथी आहेत असं सांगत स्वाती बिधान बरुआ सर्वोच्च न्यायालयात गेल्या. घरून हाकललेल्या माणसाकडे बापाचा दाखला कुठला असणार? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, तृतीयपंथी कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाल्यावर आठवड्याभरात, नागरिकत्व सुधारणा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांना सवलत मिळाली, पण धर्म पाहून. पाकिस्तानातून जीव वाचवून आलेली मुस्लिम ट्रान्स व्यक्ती त्यात बसत नाही. भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा कायदाही नाही. आपली मुलं परदेशात आसरा मागतात, तेव्हा आपला देश कुणाला आसरा देतो हेही विचारलं पाहिजे.

गोसीखुर्दच्या पाण्याने या तालुक्यातली गावं उठली. गाव सोडणं काय असतं ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आनंदाने कुणी जात नाही. ज्याला जायचं आहे त्याला जाऊ द्या, पण इथं राहणं अशक्य झालं म्हणून कुणी जाऊ नये.

म्हणून तीन कामं सांगतो. पहिलं, मतदार नोंदणी. फॉर्म 6 मध्ये तृतीयपंथी हा पर्याय आहे. पत्त्याचा पुरावा नसलेल्या बेघर माणसाचीही नोंद होते, बीएलओने रात्री जाऊन तो तिथे राहतो याची खात्री करायची असते. बीएलओ जात नसेल तर तुम्ही सोबत जा. दुसरं, प्रमाणपत्राचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि नियमाप्रमाणे तीस दिवसांत निकाली निघायला हवा. फॉर्म भरून द्यायला मी बसेन, तुमच्यातले दोघे शिका. तिसरं, पुढच्या प्रत्येक निवडणुकीत, मग ती नगरपंचायतीची असो की लोकसभेची, मत मागायला येणाऱ्याला एक प्रश्न विचारा: तृतीयपंथीयांसाठी तुम्ही काय करणार? आपल्या वस्तीत हा प्रश्न त्यांना अपेक्षित नसतो. म्हणूनच तो आपण विचारायचा.

त्या मुलीचं नाव आता मतदार यादीत आहे. परदेशी जायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.