गलवान : नकाशावरचे नाव, भूमीवरचे पाऊल



गोदा-कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाच्या मनात नदी म्हटली की घाट, देऊळ आणि यात्रा उभी राहते. लडाखच्या ईशान्य टोकाला वाहणाऱ्या गलवान नदीच्या काठी यांपैकी काहीच नाही. तिथे गाव नाही, शेतही नाही. तरीही जून २०२० पासून हे नाव घरोघरी पोहोचले. ही नदी कोणती आणि तिला हे नाव कोणाचे मिळाले, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चीनने बळकावलेल्या अक्साई चीनमध्ये गलवानचा उगम होतो. उघड्या-बोडक्या पर्वतांमधील अरुंद दरीतून सुमारे ८० किलोमीटर पश्चिमेकडे वाहत ती श्योक नदीस मिळते. श्योक पुढे सिंधूस मिळते. या संगमाची उंची सुमारे १४,००० फूट आहे. दारबुकहून दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीकडे जाणारा २५५ किलोमीटरचा लष्करी मार्ग याच श्योकच्या खोऱ्यातून जातो. संगमाजवळच्या उंचवट्यांवर ज्याचा ताबा, त्याची नजर या मार्गावर. गलवानचे सारे महत्त्व या एका गोष्टीत सामावले आहे.

आता नावाची कथा. इंग्रजी राजवटीत हिमालयातील सर्वोच्च शिखराला भूमापन खात्याच्या एका माजी प्रमुखाचे नाव दिले गेले. गलवानला मात्र नाव मिळाले ते लेह येथील एका गरीब घरच्या मुलाचे. गुलाम रसूल गलवान हा १८७८ च्या सुमारास जन्मला आणि कोवळ्या वयातच गोऱ्या प्रवाशांच्या काफिल्यांत हमाल व घोडेवाला म्हणून राबू लागला. एकदा एक तुकडी उंच कड्यांमध्ये अडकली असता या तरुणाने दरीतून वाट शोधून काढली आणि ती वाट जिच्या काठाने गेली, त्या नदीला त्याचे नाव पडले, असे सांगतात. हा प्रसंग कोणी १८९२ चा मानतात, तर कोणी १८९९ चा. पुढे तो लेहमध्ये ब्रिटिश जॉइंट कमिशनरचा प्रमुख सहायक, म्हणजे ‘अक्सकाल’ झाला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने लिहिलेले आत्मचरित्र १९२३ मध्ये केंब्रिज येथून प्रसिद्ध झाले. १९२५ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

नाव भारतीय असले, तरी केवळ नावाने भूमी राखली जात नाही. जुलै १९६२ मध्ये गोरखा जवानांनी गलवान खोऱ्यात ठाणे उभारले. काही दिवसांतच चिनी सैन्याने त्याला वेढा घातला. रसद आकाशमार्गे पोहोचवावी लागली. ऑक्टोबरच्या प्रारंभी गोरखांच्या जागी मेजर हसबनीस यांच्या नेतृत्वाखालील जाट जवान हेलिकॉप्टरने उतरवण्यात आले. २० ऑक्टोबरला चीनने प्रचंड हल्ला चढवला. अनेक जवान धारातीर्थी पडले आणि मेजर हसबनीस युद्धकैदी झाले.

त्यानंतर ५८ वर्षांनी, १५ जून २०२० च्या रात्री, त्याच खोऱ्यात कर्नल संतोष बाबू आणि त्यांच्या १९ सहकाऱ्यांनी प्राणार्पण केले. कर्नल संतोष बाबूंना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. आपले चार सैनिक मारले गेल्याची कबुली देण्यास चीनला फेब्रुवारी २०२१ उजाडावे लागले. संपूर्ण खोरे आपलेच असल्याचा दावा मात्र त्याने चकमकीनंतर लगेचच केला होता.

हा दावा ऐकताना लेहचा तो घोडेवाला आठवावा. त्याच्या हाती ना नकाशा होता, ना दुर्बीण. पायांखालची भूमी त्याला ठाऊक होती, म्हणून वाट सापडली. सीमेवरील गुराखी, हमाल, वाटाडे आणि गस्त घालणारे जवान यांच्या पावलांनीच भूमी आपली राहते. त्या माणसांना रस्ता, शाळा, रोजगार आणि सन्मान मिळाला, तर ती तिथे टिकतील. ती टिकली, तर सीमा टिकेल. ‘गलवान’ हा शब्द उच्चारताना त्या वीस हुतात्म्यांबरोबरच या पहिल्या वाटाड्याचेही स्मरण असावे.