नवजात अर्भक आणि के-१ जीवनसत्त्व

चेन्नईतील टी. नगरच्या बाजारात सकाळी ‘कीरै’ म्हणजे पालेभाजीच्या जुड्या येतात. शेवग्याच्या पाल्याने, मुरुंगै कीरैने, बाळंतिणीला दूध उतरते असे तेथील आजी मानते. महाराष्ट्रातील आजी शेपू-मेथीचा आग्रह धरते. या हिरव्या पानांत के-१ जीवनसत्त्व विपुल असते. ते मातेला मिळते. बाळाला मात्र फारसे नाही. वारेतून ते अल्पच पार होते आणि आईच्या लिटरभर दुधात त्याचे अवघे काही मायक्रोग्रॅम असतात. आईचे दूध सर्वोत्तमच. पण ही एक उणीव त्यात आहे.

या जीवनसत्त्वावाचून यकृताने बनविलेले रक्त गोठविणारे काही घटक अपुरे राहतात. त्यांना कॅल्शियम धरून ठेवता येत नाही. बोस्टनचे चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ मध्ये नवजात अर्भकांतील रक्तस्रावाच्या ५० रुग्णांची नोंद केली, तेव्हा कारण अज्ञात होते. पुढे कोपनहेगन येथे हेन्रिक डॅम यांच्या प्रयोगांत, स्निग्धांशरहित खाद्यावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांना रक्तस्राव होऊ लागला. न्यून असलेल्या द्रव्याला त्यांनी १९३५ मध्ये ‘के’ हे नाव दिले. डॅनिश व जर्मन भाषांतील ‘गोठणे’ या अर्थाच्या शब्दाचे ते आद्याक्षर. १९४३ चे नोबेल पारितोषिक डॅम आणि एडवर्ड डॉइझी यांना विभागून मिळाले.

नाव एक असले तरी ‘के’ची सर्व रूपे सारखी नव्हेत, आणि येथेच सावधगिरी हवी. के-३, म्हणजे मेनाडायोन, हे कृत्रिम रूप पूर्वी अर्भकांना टोचीत असत. त्याच्या मोठ्या मात्रेने तांबड्या पेशी फुटून बाळाला तीव्र कावीळ होते, असे १९५० च्या दशकात दिसून आले. अर्भकासाठी योग्य ते के-१. कुपीवर त्याचे नाव फायटोमेनाडायोन असे असते.

भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १००० ग्रॅम वा अधिक वजनाच्या बाळास १ मिलिग्रॅम, त्याहून हलक्या बाळास अर्धा मिलिग्रॅम, जन्मानंतर मांडीच्या स्नायूत टोचावयाचे असते. बाळ अगदी सुदृढ दिसते, म्हणून कोणी ते अनावश्यक समजतात. परंतु केवळ अंगावर पिणारे, छान बाळसे धरलेले मूलही दोन आठवड्यांनंतर एकाएकी मेंदूतील रक्तस्रावाने दगावू शकते. कधी आधी नाळेतून वा नाकातून थोडे रक्त येते. कधी तेवढीही सूचना मिळत नाही. आजीने कीरै अवश्य आणावी. रुग्णालयातून निघताना मात्र कागदावर या इंजेक्शनची नोंद पाहून घ्यावी, आणि प्रसूती घरी झाली असल्यास बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.